आर्म वारंवार मोडतो म्हणून गाडी ॲल्युमिनियमची करावी का?

प्रश्न असा आहे: खऱ्या गाडीच्या १/१० मापाची, रिमोटने चालवायची, विजेवर चालणारी टू-व्हील ड्राइव्ह ऑफ-रोड बगी आहे, शर्यतीत उतरू लागल्याला एक हंगाम झाला आहे आणि गेल्या दोन महिन्यांत पुढचा डावा आर्म (चाकाला चॅसीशी, म्हणजे गाडीच्या तळाच्या सांगाड्याशी, जोडणारा, वर-खाली हलणारा भाग) तीन वेळा मोडला आहे. आता पुढचे-मागचे आर्म, कॅस्टर ब्लॉक आणि स्टिअरिंग ब्लॉक (पुढचे चाक धरणारे भाग), मागचे हब (मागच्या चाकाचे बेअरिंग धरणारे भाग) आणि पुढचा बल्कहेड (आर्म ज्याला जोडतात तो चॅसीवरचा भाग) असा सगळा संच सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) यंत्रावर कोरलेल्या ॲल्युमिनियमचा घ्यावा, असा प्रश्नकर्त्यांचा विचार आहे. धातू प्लॅस्टिकपेक्षा मजबूत असताना कारखान्याने आर्म साच्यातल्या प्लॅस्टिकचे दिले, ते केवळ स्वस्त पडतात म्हणून का, असेही त्यांनी विचारले आहे.

माझे उत्तर आधी सांगतो आणि कारणे नंतर देतो. आर्म आणि बल्कहेड प्लॅस्टिकचेच ठेवा. ॲल्युमिनियम जरूर घ्या, पण निराळ्या जागी घ्या; त्या जागा पुढे सांगितल्या आहेत. आणि काहीही विकत घेण्यापूर्वी मोडलेले तिन्ही आर्म टेबलावर शेजारी शेजारी ठेवून ते नेमके कुठे मोडले आहेत ते पाहा, कारण तीनही वेळा डावाच आर्म जातो ही गोष्ट मला धातू-प्लॅस्टिकच्या वादापेक्षा अधिक महत्त्वाची वाटते.

सगळा घोटाळा ‘मजबूत’ या एका शब्दामुळे होतो. त्या शब्दाखाली आपण तीन वेगळे गुण एकत्र करतो: किती भाराला वस्तू कायमची वाकते किंवा तुटते, त्या भाराखाली ती किती लवते, आणि कायमची न वाकता, न तुटता ती धक्क्यातली किती ऊर्जा पोटात घेते. पहिल्या दोन गुणांत ॲल्युमिनियम निर्विवाद पुढे आहे. त्याचा ताठपणा सुमारे ७० गिगापास्कल आहे. ३० टक्के काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचा कोरड्या अवस्थेत ९-१० आणि साध्या नायलॉनचा ३ च्या आसपास असतो. पण तिसऱ्या गुणात चित्र उलटे होते. ६०६१-टी६ हे मिश्रधातू साधारण २७५ मेगापास्कलला आणि ७०७५-टी६ साधारण ५०० मेगापास्कलला कायमचे वाकू लागते. या आकड्यांना ताठपणाने भागले तर ॲल्युमिनियम मूळ लांबीच्या जेमतेम ०.४ ते ०.७ टक्के इतकेच ताणले जाऊन परत मूळ जागी येऊ शकते. त्यापुढचा प्रत्येक ताण कायमचा राहतो. चांगले नायलॉन काही टक्के ताणले गेले तरी बऱ्याच अंशी परत येते. आर्मकडून आपल्याला हवा असतो तो हाच गुण.

याचा गाडीवर होणारा परिणाम हिशोबाने पाहू. दीड किलोची बगी सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर वेगाने धावत असेल, तर तिच्यात ७५ ज्यूल ऊर्जा असते. ती गाडी ट्रॅकच्या कडेच्या पाइपवर आदळून थांबली आणि बंपर, आर्म, चाक, टायर हे सर्व मिळून ५ सेंटिमीटर लवले, तर थांबवणारे सरासरी बल १,५०० न्यूटन असते. तीच गाडी १ सेंटिमीटरात थांबली, तर ते ७,५०० न्यूटन होते. प्रत्यक्षात गाडी सहसा जागच्या जागी थांबत नाही, ती वळते, उसळते, उलटते, त्यामुळे खरे आकडे कमी असतात. पण दोन्हींमधले प्रमाण तसेच राहते. आर्म लवतो म्हणजे तो कमकुवत आहे असे नव्हे. त्याच्या लवण्यामुळे मागच्या सगळ्या भागांवरचे बल कमी होते.

म्हणून आर्म धातूचा केला की धक्का नाहीसा होत नाही, तो फक्त पुढच्या भागाकडे जातो. माझ्या सुरुवातीच्या काळात मी स्वतः एका बगीचे पुढचे आर्म आणि कॅस्टर ब्लॉक ॲल्युमिनियमचे केले होते. पहिल्याच मोठ्या धडकेत आर्मला केवळ एक ओरखडा उठला, आणि मला क्षणभर समाधानही वाटले. मग गाडी उघडली तेव्हा आतली हिंज पिन (आर्म ज्या बारीक दांड्यावर फिरतो ती) वाकलेली, बल्कहेडचे दोन्ही कान फुटलेले आणि चॅसीच्या पुढच्या चढत्या भागाला किंचित पीळ बसलेला आढळला. प्लॅस्टिकचा आर्म बदलायला मला दहा मिनिटे लागत असत; त्या दिवशी दुपारच्या दोन्ही फेऱ्या हुकल्या आणि चॅसी शेवटी टाकून द्यावी लागली. तेव्हापासून मी प्रत्येक गाडीकडे पाहताना आधी हे ठरवतो की जोराचा धक्का बसला तर कोणत्या भागाने मोडावे. तो भाग स्वस्त असावा, दोन फेऱ्यांच्या मध्ये बदलता यावा आणि मोडला आहे हे डोळ्यांना लगेच दिसावे. प्लॅस्टिकचा आर्म या तिन्ही अटी पुऱ्या करतो.

यातली शेवटची अट लोक सर्वांत कमी लक्षात घेतात. प्लॅस्टिकचा आर्म एक तर परत सरळ होतो किंवा सरळ सरळ तुटतो. ॲल्युमिनियमचा आर्म या दोन्हींच्या मधल्या अवस्थेत राहू शकतो: तो थोडासा वाकतो आणि तसाच धावत राहतो. मागच्या आर्मच्या बाहेरच्या टोकाशी हब धरणाऱ्या दोन कानांमध्ये समजा ३० मिलिमीटर अंतर आहे. त्या अंतरात अर्ध्या मिलिमीटरचा वाकडेपणा आला तरी त्या चाकाचा टो (वरून पाहता चाक आत-बाहेर वळलेले असण्याचा कोन) जवळजवळ १ अंशाने बदलतो. आपण तर अर्ध्या अंशाच्या फरकासाठी हिंज पिनचे इन्सर्ट (पिनचे टोक धरणारे छोटे तुकडे) बदलत असतो. मग गाडी डावीकडे नीट वळते आणि उजवीकडे मागून सुटते, आणि चालक स्प्रिंग, तेल, टायर बदलत राहतो, कारण आर्म डोळ्यांना ठीकच दिसतो. असे दोन-दोन महिने चुकीच्या जागी शोध घेणारे चालक मी पाहिले आहेत आणि त्यांच्याविषयी मला फार वाईट वाटते, कारण त्यांची मेहनत खरी असते.

केवळ स्वस्ताईसाठी कारखाने आर्म प्लॅस्टिकचे करतात का, याचे उत्तर या छंदाच्या इतिहासातच मिळते. १९८४ साली आलेली टीम असोसिएटेडची आरसी१० ही बगी सोनेरी ॲनोडायझिंग केलेल्या ॲल्युमिनियमच्या टबसारख्या चॅसीसाठी ओळखली जाते. धातूचा इतका ठळक वापर करणाऱ्या त्या गाडीचेही आर्म नायलॉनचेच होते. पुढे त्याच मालिकेतल्या बी४ ची चॅसी साच्यातल्या संमिश्र प्लॅस्टिकची झाली आणि २०१३ च्या बी५ ला पुन्हा ॲल्युमिनियमची चॅसी आली. म्हणजे चॅसीचे द्रव्य टायर, बॅटरी आणि ट्रॅक यांच्याबरोबर बदलत राहिले, आर्म मात्र प्लॅस्टिकचेच राहिले. १/८ मापाच्या बगीतही हेच दिसते: जाड ॲल्युमिनियमची चॅसी, ॲल्युमिनियमचे शॉक टॉवर (शॉक ॲब्सॉर्बरचे वरचे टोक धरणारा उभा भाग), आणि आर्म मात्र साच्यातले. सर्वोच्च पातळीवरच्या संघांना खर्चाची अडचण नसते; त्यांना धातूचे आर्म वेगवान वाटले असते तर त्यांनी ते कधीच लावले असते.

आता आपल्या तुटलेल्या आर्मकडे वळू. आर्म आतल्या हिंज पिनच्या कानापाशी तुटला असेल, तर धडक समोरून बसली आहे आणि आर्म मागे रेटला गेला आहे. बाहेरच्या भोकापाशी तुटला असेल, तर चाक कशात तरी अडकून बाजूने पिळले गेले आहे, किंवा बाहेरची पिन पकडणारा स्क्रू प्रमाणाबाहेर आवळल्यामुळे त्या भोकाभोवतीचे प्लॅस्टिक आधीच ताणलेले होते. शॉक बसवण्याच्या भोकापाशी तुटला असेल, तर दोष धडकेचा नसून उडीवरून उतरण्याचा आहे: चॅसी जमिनीला टेकण्यापूर्वीच शॉक आतून पूर्ण दबत असला, तर उतरण्याचा सगळा भार शॉकच्या दांड्यातून थेट आर्मवर आणि टॉवरवर जातो. हे तपासणे सोपे आहे. स्प्रिंग काढा, गाडी हाताने पूर्ण खाली दाबा आणि आधी काय टेकते ते पाहा. आधी चॅसी टेकायला हवी. तुमच्या बाबतीत डावाच आर्म जातो, तेव्हा डावा आणि उजवा शॉक एकाच लांबीचे आहेत का, हे कॅलिपरने मोजा. एका शॉकचे टोक दोन फेरे कमी-जास्त आत गेलेले असणे ही अगदी नेहमीची चूक आहे. डावी आतली हिंज पिन काचेवर लोळवून पाहा. आधीच्या धडकेत ती वाकली असेल, तर नवा आर्म पहिल्या फेरीपासून अडकत, ताणाखाली धावतो आणि पुढच्या साध्या धक्क्यातही जातो. हे दोन्ही ठीक निघाले, तर ट्रॅकवरच्या एकाच वळणावर तुमचे डावे चाक पुन्हा पुन्हा आतल्या पाइपला लागत असणार, आणि त्यावर उपाय त्या वळणातल्या तुमच्या रेषेत आहे.

तुटलेला काठही पुष्कळ सांगतो. काठ सपाट, चकचकीत आणि काचेसारखा तुटला असेल, तर प्लॅस्टिक ठिसूळ अवस्थेत होते. काठ पांढरट, ओढलेला आणि तंतुमय असेल, तर प्लॅस्टिकने आपले काम पूर्ण केले आहे आणि धक्काच मोठा होता. तिन्ही आर्म भोकाशेजारच्या त्याच बारीक रेषेवर तुटले असतील, तर ती साच्यातली सांध्याची रेषा असू शकते. वितळलेले प्लॅस्टिक साच्यात भोकाच्या खुंटीला वळसा घालून दोन बाजूंनी येते आणि पलीकडे जुळते. त्या जुळणीच्या रेषेवर काचतंतू एकमेकांत गुंतत नाहीत, म्हणून तिथली ताकद कमी असते. अशा वेळी दुसऱ्या उत्पादकाचा, वेगळ्या साच्यातला प्लॅस्टिकचाच आर्म घेऊन पाहणे शहाणपणाचे आहे.

ठिसूळपणाचा संबंध बहुधा पाण्याशी असतो. नायलॉन हवेतली ओल शोषते. साच्यातून नुकतेच निघालेले किंवा कोरड्या जागी दीर्घकाळ राहिलेले नायलॉन ताठ पण ठिसूळ असते. ओल शोषून स्थिरावलेले नायलॉन अधिक लवचिक आणि कितीतरी चिवट असते. म्हणूनच जुने चालक नवे आर्म गरम पाण्यात उकळून घेत आणि त्याच पाण्यात हळूहळू थंड होऊ देत. ही रीत खरोखर उपयोगी आहे, विशेषतः थंडीत. पण तिची किंमत ताठपणात मोजावी लागते. काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचा ताठपणाही ओलीने बराच उतरतो. आणखी एक खबरदारी अशी की आर्म नेहमी जोडीने उकळावेत. एक आर्म ओला आणि दुसरा कोरडा असला तर गाडीच्या दोन बाजू वेगळ्या वागतात. उकळल्यावर हिंज पिनचे भोकही किंचित बदलते, तेव्हा ३ मिलिमीटरची पिन असल्यास त्याच मापाचा रीमर (भोक मापात साफ करणारे हत्यार) हाताने फिरवून भोक साफ करावे. शॉक न जोडता आर्म आडवा धरून सोडला, तर तो केवळ स्वतःच्या वजनाने खाली पडला पाहिजे.

आरपीएमसारख्या उत्पादकांचे अधिक लवचिक नायलॉनचे आर्म याच तत्त्वावर बनलेले आहेत आणि मोकळ्या मैदानात गाडी पळवणाऱ्यांना ते उत्तम. शर्यतीत, भरपूर पकड असलेल्या ट्रॅकवर आणि कडक उन्हात मात्र फार मऊ आर्म वळणात पिळतो आणि स्टिअरिंग उशिरा लागल्यासारखे वाटते. त्यासाठीच अनेक शर्यतीच्या गाड्यांना मऊ, मध्यम आणि कडक असे वेगवेगळ्या मिश्रणांचे आर्म मिळतात, काहींवर कार्बन फायबरची पट्टी बसवण्याची सोयही असते. तुम्हाला ताठपणा हवाच असेल, तर या मार्गाने जा.

आता ॲल्युमिनियमच्या जागा. त्या ओळखण्यासाठी मी स्वतःला विचारतो की इथे गाडीला लवणे हवे आहे की माप टिकणे हवे आहे. जिथे माप टिकायला हवे तिथे धातूला पर्याय नाही. मोटर माउंट हे पहिले उदाहरण: पिनियन (मोटरवरचे छोटे दातेरी चाक) आणि स्पर गिअर (त्याला जुळणारे मोठे दातेरी चाक) यांच्यातले अंतर केसभर हलले तरी स्पर गिअरचे दात जातात, शिवाय हा भाग मोटरची उष्णता चॅसीकडे ओढून नेतो. शॉकच्या नळ्या हे दुसरे: आतला व्यास एकसारखा आणि गुळगुळीत असतो, बाहेरच्या आट्यांवर स्प्रिंगचा दाब बारकाईने ठरवता येतो आणि तापल्यावर नळी फारशी फुगत नाही. (आतला पिस्टन मात्र ॲसिटल प्लॅस्टिकचाच चांगला, कारण तो धातूच्या नळीत घासत नाही, घसरतो.) सर्वोचा हॉर्न (स्टिअरिंग फिरवणाऱ्या छोट्या मोटरवरचा हात), स्टिअरिंगचे बेलक्रँक (ती हालचाल चाकांकडे नेणाऱ्या तरफा) आणि चाकांचे क्लॅम्प हेक्स (चाक ज्यावर बसते ते षटकोनी तुकडे) हेही याच वर्गातले, प्लॅस्टिकच्या हेक्समध्ये पिनची खाच हळूहळू रुंदावते आणि चाक डगमगू लागते. आतल्या हिंज पिनचे ब्लॉक मी धातूचे पसंत करतो, पण त्यात प्लॅस्टिकचे इन्सर्ट असावेत, म्हणजे पिन धातूवर घासत नाही आणि किंचित मऊपणाही राहतो.

मागचे हब ही मधली जागा आहे. प्लॅस्टिकच्या हबमधली बेअरिंगची बैठक काळाने लंबगोल होते, आणि तिथे ॲल्युमिनियमचे हब खरोखर फरक दाखवतात. पण वजनाचा विचार करा. ॲल्युमिनियमची घनता घन सेंटिमीटरला २.७ ग्रॅम आणि काचतंतूयुक्त नायलॉनची १.३५ ते १.४ ग्रॅम, म्हणजे त्याच आकाराला धातू जवळजवळ दुप्पट जड. हब चाकाबरोबर पूर्ण हलतो, त्यामुळे त्याचा प्रत्येक ग्रॅम चाकाच्या उसळण्यात पूर्ण मोजला जातो. आर्म आतल्या टोकाशी खिळलेला असल्यामुळे सरळ, एकसारख्या आर्मच्या वजनाचा साधारण एक तृतीयांश भागच बाहेरच्या टोकाशी जाणवतो. आतले हिंज ब्लॉक चॅसीवर असतात, त्यांचे वजन चाकाला उचलावे लागत नाही. म्हणून संघ तिथे मुद्दाम पितळेचेही ब्लॉक लावतात. खडबडीत ट्रॅकवर मी मागचे हब प्लॅस्टिकचे ठेवतो, गुळगुळीत ट्रॅकवर ॲल्युमिनियमचे लावतो.

याउलट बॉल कप (जोडदांड्यांच्या टोकाची, गोळी पकडणारी वाटी), बंपर, विंगचे आधार, चॅसीच्या बाजूच्या भिंती आणि स्पर गिअर यांना धातूत करू नये. त्यांनी सुटावे, लवावे किंवा झिजावे यासाठीच ते तिथे आहेत.

ॲल्युमिनियम घेताना रंगावर जाऊ नका. ॲनोडायझिंग हा ॲल्युमिनियमच्याच ऑक्साइडचा कठीण पण अत्यंत पातळ थर असतो. आतले मिश्रधातू कोणते हे तो सांगत नाही. मिश्रधातूचा क्रमांक स्पष्ट लिहिलेला नसेल, तर तो भाग मऊ धातूचा असण्याची शक्यता धरून चालावे. भाग हातात घेतल्यावर आतले कोपरे पाहावेत: तीक्ष्ण कोपऱ्यात ताण एकवटतो आणि तिथूनच तडा जातो, गोलाई ठेवलेला कोपरा चांगल्या कामाची खूण आहे. बेअरिंग बोटाच्या दाबाने आत गेले पाहिजे आणि उलटे धरल्यावर आपोआप पडता कामा नये. ॲल्युमिनियमला पोलादासारखी थकव्याची सुरक्षित मर्यादा नसते, छोटे धक्केही साठत जातात. म्हणून धातूचे भाग हंगामाअखेर भिंगाखाली तपासावेत.

आट्यांची शिस्तही दोन्हींकडे वेगळी आहे. धातूत जाणाऱ्या पोलादी स्क्रूला थ्रेडलॉकचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या चिकट द्रवाचा) एक थेंब हवाच, नाहीतर कंपनाने तो सुटतो. प्लॅस्टिकला मात्र थ्रेडलॉक लागू देऊ नका. पॉलिकार्बोनेट आणि एबीएस यांना त्याने तडे जातात. प्लॅस्टिकमध्ये स्क्रू परत लावताना आधी तो हलक्या हाताने उलटा फिरवावा, आटा खाली बसल्याचे बोटांना जाणवले की मगच आवळावा. तसे केले नाही तर दर वेळी नवा आटा कापला जातो आणि काही दिवसांत भोक निकामी होते.

तेव्हा तुमच्यासाठी क्रम असा: पुढचे दोन्ही आर्म, मध्यम मिश्रणाचे, नवे घ्या, जोडीने उकळा आणि रीमर फिरवा, पुढच्या दोन्ही आतल्या हिंज पिना तपासणीत ठीक वाटल्या तरी बदला, दोन्ही शॉक मोजून सारखे करा, बंपर आर्मच्या पुढे पुरेसा येतो का ते पाहा आणि येत नसेल तर रुंद बंपर लावा. उरलेल्या पैशांत सर्वोचा हॉर्न आणि क्लॅम्प हेक्स ॲल्युमिनियमचे घ्या. कॅस्टर ब्लॉक आणि स्टिअरिंग ब्लॉक सध्या आहेत तेच ठेवा, आणि किंगपिनचे (स्टिअरिंग ब्लॉक जिच्याभोवती वळतो त्या पिनेचे) भोक ढिले झाल्याचे दिसले तरच स्टिअरिंग ब्लॉक धातूचे करा. पुढच्या वेळी आर्म मोडला तर तो टाकून देऊ नका. कोणत्या वळणावर, कोणत्या धक्क्याने गेला ते त्याला चिठ्ठी बांधून लिहून ठेवा आणि डबीत जपून ठेवा.